केसांसाठी गोळी घेण्याआधी



“गे बाय, केस मुठीन गळतत, खंयची गोळी खाव?” हा प्रश्न आपल्याकडे दिवाळीच्या आसपास फार ऐकू येतो. त्याचं मूळ बरेचदा पावसाळ्यात असतं. ते कसं, हे आधी पाहू आणि मग गोळीकडे वळू.

डोक्यावरचा प्रत्येक केस काही वर्षं वाढतो, दोन-तीन महिने विश्रांती घेतो आणि गळतो. त्याच्या जागी नवा येतो. म्हणून रोज ५० ते १०० केस गळणं हा आजार नाही. पण मोठा ताप, बाळंतपण, ऑपरेशन किंवा एकदम कमी केलेलं जेवण यांचा शरीराला धक्का बसला, की पुष्कळ केस एकाच वेळी विश्रांतीला जातात आणि दोन-तीन महिन्यांनी एकदमच गळतात. भातलावणीच्या दिवसांत लेप्टो किंवा डेंग्यूने आजारी पडलेल्या बाईचे केस दिवाळीच्या सुमारास गळतात ते यामुळे. तोवर ताप विसरलेला असतो. मग गोळ्यांची बाटली घरी येते. पुढच्या काही महिन्यांत केस आपसूक भरू लागतात आणि श्रेय मिळतं बाटलीला!

मग जीवनसत्त्वांचा काहीच उपयोग नाही का? आहे, पण शरीरात ती कमी पडत असतील तेव्हाच. आपल्या बायकांमध्ये सर्वांत मोठी उणीव लोहाची. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक, म्हणजे ५४ टक्के स्त्रियांमध्ये रक्त कमी आढळलं. पाळीत अंगावरून जास्त जाणं, पाठोपाठची बाळंतपणं, घरच्यांच्या मागून उरलंसुरलं जेवणं, ही त्यामागची नेहमीची कारणं. लोह, ड जीवनसत्त्व, बी-१२ किंवा जस्त कमी असेल, तर ती उणीव भरून काढल्यावर केसांनाही फायदा होतो. उणीव नसताना गोळी घेतल्याने केस जास्त दाट होत नाहीत. भरलेल्या कळशीत आणखी पाणी ओतलं तर ते सांडणारच.

आणि काही जीवनसत्त्वं नुसती सांडून जात नाहीत, अंगात साठतात आणि उलटा परिणाम करतात. याचं एक उदाहरण आपल्याच राज्यातलं आहे. डिसेंबर २०२४ च्या अखेरीस आणि जानेवारी २०२५ मध्ये बुलढाणा जिल्ह्यातल्या शेगाव तालुक्यातील बोंडगाव, कालवड, हिंगणा अशा गावांत लोकांचे केस तीन-चार दिवसांत गळून टक्कल पडू लागलं. आधी पाण्यावर आणि शाम्पूवर संशय गेला. विंचूदंशावरच्या संशोधनामुळे आपल्या कोकणाला परिचित असलेले महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी तिथल्या रुग्णांचे आणि रेशनच्या गव्हाचे नमुने तपासून घेतले. रुग्णांच्या रक्तात सेलेनियम ३५ पट, लघवीत ६० पट आणि केसांत तब्बल १५० पट वाढलेलं होतं, असं त्यांनी सांगितलं. त्यांच्या मते सेलेनियम आलं होतं गव्हातून. रुग्णांमध्ये जस्त मात्र कमी आढळलं.

आता केसांच्या गोळ्यांची बाटली फिरवून मागचं लेबल वाचा. पुष्कळ बाटल्यांवर सेलेनियम असतंच! आपल्याला ते रोज साधारण ४० ते ५५ मायक्रोग्रॅम पुरतं आणि मासे खाणाऱ्या घरात जेवणातून बरंचसं मिळतं. रोज ४०० मायक्रोग्रॅमच्या वर जाणं धोक्याचं. अमेरिकेत २००८ मध्ये एका पातळ टॉनिकात चुकून सुमारे २०० पट सेलेनियम पडलं होतं. दोनशेच्या वर लोक आजारी पडले आणि त्यातल्या बहुतेकांचे केस गळले.

‘अ’ जीवनसत्त्वाचंही तसंच. जास्त झालं तर केस गळतात, यकृताला त्रास होतो आणि गरोदरपणी पोटातल्या बाळाच्या अवयवांत व्यंग येऊ शकतं. ‘ड’ची ६०,००० युनिटची पुडी डॉक्टर बहुधा आठवड्याला एक देतात. ती रोज घेतली गेली तर रक्तात कॅल्शियम वाढून मूत्रपिंडावर संकट येतं. जस्त फार दिवस जास्त घेतलं तर शरीरातलं तांबं घटतं आणि त्यातूनही रक्त कमी होतं.

बायोटिन तर केसांच्या जवळजवळ प्रत्येक गोळीत असतं. रोजची गरज ३० ते ४० मायक्रोग्रॅम आणि गोळीत असतात पाच-दहा हजार! ते सहसा विषारी ठरत नाही, पण रक्ततपासणी फसवतं. थायरॉइडचे आकडे चुकीचे येऊ शकतात आणि हृदयविकाराच्या झटक्याची तपासणी खोटी ‘नॉर्मल’ दिसू शकते. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१७ मध्ये असा इशारा दिला, तेव्हा अशा चुकीच्या अहवालानंतर एक रुग्ण दगावल्याची नोंदही त्यात होती. म्हणून रक्त द्यायला जाताना, आणि छातीत दुखून दवाखान्यात गेलात तर तिथेही, “मी केसांची गोळी घेते” हे आधी सांगा.

मग करायचं काय?

पहिलं, हिमोग्लोबिन तपासून घ्या. प्राथमिक आरोग्य केंद्रात ही सोय असते. थायरॉइड, ड आणि बी-१२ तपासायचं का, ते डॉक्टर ठरवतील.

दुसरं, दोन-तीन बाटल्या एकत्र चालू ठेवू नका. केसांची गोळी, मल्टिव्हिटॅमिन आणि प्रोटीन पावडर, तिन्हींत तीच जीवनसत्त्वं असतात. त्यांची बेरीज करा.

तिसरं, लोहाची गोळी चहा किंवा कॅल्शियमच्या गोळीबरोबर घेऊ नका. लिंबूपाण्याबरोबर चालेल. थायरॉइडची गोळी आणि लोह यांत चार तासांचं अंतर हवं. रक्त पातळ करणारं औषध चालू असेल, तर ई जीवनसत्त्व डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

चौथं, बाटली मुलांच्या हाताला लागू देऊ नका. लोहाच्या गोळ्या गोड समजून खाल्लेल्या लहान मुलाच्या जिवावर बेतू शकतं.

पाचवं, धीर धरा. केस महिन्याला जेमतेम एक सेंटिमीटर वाढतो. उपचार बरोबर असला तरी फरक दिसायला तीन ते सहा महिने लागतात. पंधरा दिवसांत केस दाट करून देणारी जाहिरात खरी असूच शकत नाही.

आणि ताटाकडे लक्ष द्या. तारले, बांगडे, तिसऱ्या, कुळथाची पिठी, नाचणीची भाकरी, अंडं, पालेभाजी हे सगळं आपल्या किनाऱ्यावरच्या घरांना नवं नाही. प्रश्न एवढाच, की माशाची तुकडी वाढणारीच्या ताटात उरते का?

केस चकत्यांनी जात असतील, डोक्याला खाज, पू किंवा खपल्या असतील, पाळी अनियमित असेल किंवा सहा महिन्यांनंतरही गळती थांबली नसेल, तर गोळीच्या दुकानात न जाता डॉक्टरांकडे जा. जाताना घरात चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांच्या बाटल्या पिशवीत घालून न्या. त्या पाहूनच निम्मं निदान होऊ शकतं.