जुन्या रूपाची फटफटी घेताना

गोल दिवा, फुगीर टाकी आणि एकच सिलिंडर अशी जुन्या वळणाची मोटारसायकल आपल्यापैकी पुष्कळांना हवी आहे. मलाही हवी आहे. पण वडिलांनी पतपेढीचे कर्ज काढायची तयारी दाखवली, तेव्हा रूप बाजूला ठेवून मी हिशेब मांडायला बसलो.

रॉयल एनफिल्डच्या क्लासिक आणि हंटरचे इंजिन ३४९ सीसीचे, होंडाच्या सीबी ३५० चे ३४८ चे. ३५० ची वेस या गाड्या का ओलांडत नाहीत? कारण कर! २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० पर्यंतच्या दुचाकीवर जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. त्यावरच्या गाडीला मात्र ४० टक्के. त्याआधीही वरच्या गाड्यांना जादा उपकर होताच.

क्लासिक व हंटर यांचे इंजिन मुळात एकच. ताकद २० अश्वशक्ती, म्हणजे वेगाची हौस इथे भागणार नाही. पण सिलिंडरचा व्यास ७२ मिलिमीटर आणि पिस्टनची धाव ८५.८, धाव लांब असल्याने कमी फेऱ्यांतच इंजिन चांगले ओढते. बाजारातल्या गर्दीत सारखे गिअर बदलावे लागत नाहीत.

फरक आहे तो वजनात. क्लासिक १९५ किलो, हंटर १८१. हे १४ किलो धावताना जाणवत नाहीत, चढावर गाडी मागे रेटताना जाणवतात. सीटची उंचीही अनुक्रमे ८०५ आणि ७९० मिलिमीटर. माझ्यासारख्या बुटक्याने दोन्ही पाय टेकतात का, ते आधी पाहावे. मागे आई बसणार आहे.

येत्या रविवारी वडिलांना घेऊन शोरूममध्ये जाणार आहे. गाडी चालवायच्या आधी ढकलून पाहणार.