दिघीला जावे ते फाल्गुनात

युरोपातली शहरे पाहायची तर मार्चअखेर, उन्हाळी गर्दी उसळण्याआधी पाहावीत, असे जाणकार प्रवासी सांगतात. ते खरेच आहे. २०२४ साली व्हेनिसने एका दिवसापुरत्या येणाऱ्या पाहुण्यांवर ५ युरोंचे प्रवेशशुल्क बसवले, तेही २५ एप्रिलपासून जुलैच्या मध्यापर्यंतच्या ठरावीक दिवसांपुरतेच. शहराला माणसे कधी जड होतात, हे त्या तारखाच सांगतात. युरोपच्या सहलीसाठी आपण असा हंगाम पारखून घेतो, पण स्वतःच्या किनाऱ्यासाठी मात्र नाही. रायगड जिल्ह्यातल्या दिघी, दिवेआगर, श्रीवर्धन, हरिहरेश्वर या पट्ट्यात मुंबई-पुण्याची माणसे लोटतात ती नाताळात आणि मे महिन्यात. माघ सरल्यापासून शिमग्यापर्यंतचे दिवस त्यामानाने मोकळे राहतात, आणि ज्यांना जमेल त्यांनी याच दिवसांत तिकडे जावे, असे मला ठामपणे वाटते.

पहिले कारण पाण्याचे. कोकणात पाऊस अमाप पडतो, पण डोंगरउतारावरून तो तडक समुद्राला मिळतो आणि मे उजाडेपर्यंत विहिरींचा तळ दिसू लागतो. नेमक्या तेव्हाच खोल्या भरलेल्या असतात. किनाऱ्यालगतच्या विहिरीतून जास्त उपसा झाला की पाणी मचूळ होते, आणि ते नारळी-पोफळीलाही सोसत नाही. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळाने इथल्या वाड्याच्या वाड्या आडव्या केल्या. पोफळ लावल्यावर सुपारी धरायला पाच-सात वर्षे लागतात. म्हणजे वादळानंतर लावलेली रोपे आता कुठे फळावर येऊ लागली आहेत. त्यांचे उन्हाळ्यातले शिंपणे चुकवून चालत नाही. त्यामुळे मे महिन्यातला पाहुणा, त्याच्या मनात नसताना, वाडीच्या पाण्यात वाटेकरी होतो. फाल्गुनात विहिरीला अजून पाणी असते. दुसरी अडचण वाटेची. मुरुडकडून येणाऱ्याला आगरदांड्याहून जंगलजेटीने, म्हणजे गाड्या नेणाऱ्या बोटीने, राजपुरीची खाडी ओलांडून दिघीला उतरता येते. नाहीतर म्हसळ्याकडून लांबचा वळसा पडतो. बोटीत गाड्या मावतात तेवढ्याच मावणार, म्हणून सुट्टीत जेटीवर रांग लागते. रेवस-रेड्डी सागरी मार्गावर इथे पूल व्हायचा आहे. तो झाला की ही रांग संपणार नाही, दिवेआगरच्या अरुंद गल्ल्यांत जाऊन उभी राहील. म्हणून पुलाच्या आधीच हंगाम पसरवण्याचा विचार व्हायला हवा.

शिवाय या दिवसांत जे दिसते ते मे महिन्यात दिसत नाही. दिवेआगर आणि हरिहरेश्वरच्या वाळूत ऑलिव्ह रिडले कासवे हिवाळ्यात अंडी घालतात. साधारण दीड-दोन महिन्यांनी, म्हणजे फेब्रुवारीपासून एप्रिलपर्यंत, पिल्ले बाहेर पडून समुद्राकडे निघतात. पाण्यावरच्या उजेडाचा अंदाज घेत ती चालतात, त्यामुळे किनाऱ्यावरचे झगझगीत दिवे त्यांना भुलवतात आणि वाळूवर घातलेली गाडी घरटी चिरडते. हे कळणारा, पायी फिरणारा थोडका पाहुणा या किनाऱ्याला हवा आहे. थंडीत आलेले कुरव पक्षीही अजून परतलेले नसतात आणि डोंगरावर पळस-पांगारा फुललेला असतो. समुद्र शांत असल्याने दिघीहून जंजिऱ्याला जाणारी होडीही फारशी हेलकावत नाही. पावसाळ्यात तर तो किल्ला बंदच असतो.

यावर उन्हाचा आक्षेप येतो, आणि तो पोकळ नाही. मार्च २०१७ च्या अखेरीस याच रायगड जिल्ह्यात भिरा इथे पारा ४६ अंशांच्या वर गेला होता. पण भिरा सह्याद्रीच्या पायथ्याशी, डोंगरांच्या कुशीत आहे. किनाऱ्यावर दुपारनंतर खारा वारा सुटतो आणि ताप उतरतो. तरीही भर दुपारी जंजिऱ्याच्या दगडी तटावर चढू नये. सकाळची पहिली होडी धरावी. परीक्षांचा आक्षेप त्याहून खरा आहे. दहावी-बारावीचे मूल घरात असताना मार्चमध्ये कोणी हलत नाही, हलूही नये. पण निवृत्त माणसे, शाळेच्या वयाची मुले नसलेली जोडपी, आठवड्याच्या मधल्या वारी रजा काढू शकणारे नोकरदार यांना मे महिनाच का लागतो? ते फाल्गुनात आले, तर परीक्षा आटोपून येणाऱ्या कुटुंबांना मे महिन्यात खोली आणि पाणी दोन्ही जरा मोकळेपणाने मिळेल. घरगुती खानावळ चालवणाऱ्या बाईलाही चार दिवस पन्नास ताटे आणि मग महिनाभर रिकामी चूल, यापेक्षा रोजची दहा-बारा ताटे परवडतात. मासळीही बेताची आणि ताजी घेता येते. फक्त होळी पौर्णिमेचे दोन-चार दिवस टाळावेत. तेव्हा मुंबईचे चाकरमानी आपापल्या घरी येतात, आणि त्या दिवसांत गावातल्या जागेवर पहिला हक्क त्यांचा.