सोमवार सोडून दिल्ली!

एक पूर्ण सुट्टी, एक हाफ डे आणि मधला वीकेंड. एवढ्यात राजधानी बसते का? बसते, फक्त कॅलेंडर नीट बघायला हवं!

गोवा झालं. अलिबाग तर पाठ झालं. ऑफिसातल्या अर्ध्या लोकांचं बँकॉकही करून झालं. पण दिल्ली? ‘एअरपोर्ट पाहिलाय’, ‘क्लायंट मीटिंगला गेले होते, गुडगावातून परत’... आपल्यापैकी अनेकांची दिल्ली इथेच संपते. १७३७ मध्ये बाजीराव पेशवे घोड्यावरून थेट दिल्लीपर्यंत धडकले होते. आपली गाडी मात्र बॉसच्या लीव्ह अप्रूव्हलपाशी अडते!

येत्या फेब्रुवारीत मी आई-बाबांना घेऊन दिल्लीला निघालेय. तिघांचीही पहिलीच खेप. एप्रिलमध्ये बाबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन आहे, म्हणजे नंतर काही महिने प्रवास बंद. त्यामुळे ‘बघू पुढच्या वर्षी’ हा आमच्या घरचा लाडका डायलॉग यंदा बाद. गेले दोन आठवडे मी रोज रात्री एक्सेल शीट उघडून बसतेय आणि जे कळलं ते तुमच्याशी शेअर करतेय.

सोमवारचा सापळा

आपण नोकरदार मंडळी लाँग वीकेंड म्हटलं की शनिवार-रविवारला सोमवार जोडतो. दिल्लीत नेमकी तिथेच गोची होते. लाल किल्ला, नॅशनल म्युझियम, अक्षरधाम, लोटस टेम्पल, गांधीजींनी शेवटचे दिवस काढले ती गांधी स्मृती, तीन मूर्तींचं प्रधानमंत्री संग्रहालय... सोमवारी सगळ्यांना टाळं! आणि ताजमहाल बंद असतो शुक्रवारी. आधी तिकीट काढून मग यादी करणाऱ्यांची फजिती ठरलेली.

म्हणून आम्ही गणित उलटं मांडलं. गुरुवारी हाफ डे टाकायचा आणि संध्याकाळी पाचच्या सुमारास मुंबई सेंट्रलहून राजधानी पकडायची. शुक्रवारी सकाळी साडेआठपर्यंत नवी दिल्ली. शुक्रवार, शनिवार, रविवार भटकायचं. रविवारी संध्याकाळी पुन्हा राजधानी, की सोमवारी सकाळी मुंबई आणि थेट ऑफिस! सुट्टी खर्ची पडली दीड दिवस. हॉटेलच्याही दोनच रात्री, उरलेल्या दोन रेल्वेत. विमान वेळ वाचवतं हे खरं. पण एअरपोर्टवरची चालाचाल बाबांना नको होती आणि रात्रभर झोपून जाणं आईला हवं होतं.

महिना कोणता?

मे-जूनमध्ये पारा ४५ अंशांच्या घरात, सोडून द्या. दिवाळीनंतर हवा इतकी वाईट असते, की ज्येष्ठांना न्यायची हिंमत होत नाही. डिसेंबर-जानेवारीत धुकं, गाड्या आणि विमानं तासन्‌तास लेट. त्यात २६ जानेवारीच्या आधी परेडच्या तालमी असतात, तेव्हा कर्तव्यपथाच्या (२०२२ पर्यंतचा राजपथ) आसपास रस्ते बंद होतात. उरतात ऑक्टोबरचा पूर्वार्ध आणि फेब्रुवारी-मार्च. आम्ही फेब्रुवारीचा तिसरा आठवडा धरला. थंडी सुसह्य आणि बागांत फुलं.

प्रत्येकी एक जागा

पहिली यादी झाली बावीस ठिकाणांची! तीन दिवसांत बावीस म्हणजे प्रत्येक ठिकाणी उतरायचं, सेल्फी घ्यायचा आणि पळायचं. मी आई-बाबांना म्हटलं, ‘‘प्रत्येकाने एकच जागा सांगायची. ती काही झालं तरी कटणार नाही.’’

आई लगेच म्हणाली, ‘‘ताजमहाल! इतक्या लांब जाऊन ताज न बघता आले, तर सोसायटीतल्या बायकांना काय सांगू?’’

बाबा बराच वेळ गप्प. मला वाटलं लाल किल्ला म्हणतील, १५ ऑगस्टचं भाषण त्यांनी कधी चुकवलेलं नाही. पण ते म्हणाले, ‘‘ते वॉर मेमोरियल आहे ना, तिथे नेशील?’’ साताऱ्याला शाळेत त्यांच्या बाकावर बसणारा मित्र फौजेत गेला होता. १९८७ मध्ये शांतिसेनेबरोबर श्रीलंकेत गेला, तो परतलाच नाही. ‘‘तिथे नाव कोरलंय म्हणे. एकदा हात लावून यायचंय.’’

अठ्ठावीस वर्षं एका घरात राहतेय. हे नाव मी पहिल्यांदा ऐकलं.

राष्ट्रीय युद्ध स्मारक इंडिया गेटच्या शेजारीच आहे. २५ फेब्रुवारी २०१९ ला त्याचं उद्‌घाटन झालं. वर्तुळाकार भिंतींवरच्या ग्रॅनाइटच्या फलकांवर स्वातंत्र्यानंतर कामी आलेल्या २५ हजारांहून अधिक जवानांची नावं आहेत. प्रवेश मोफत. इंडिया गेटवरची नावं मात्र त्याआधीच्या, पहिल्या महायुद्धाच्या काळातल्या सैनिकांची. दोन्ही एकाच संध्याकाळी होतात.

माझी जागा? हुमायूनची कबर. ताजच्या जवळजवळ आठ दशकं आधीची, ताजची थोरली बहीणच म्हणा ना!

असा ठरला प्लॅन

*शुक्रवार :* हॉटेलवर आंघोळ, नाश्ता, थोडा आराम. दुपारी हुमायूनची कबर. ऊन उतरल्यावर युद्ध स्मारक, मग दिव्यांतलं इंडिया गेट. त्या संध्याकाळी तिसरं काहीही नाही. बाबांना तिथे किती वेळ लागेल हे घड्याळ ठरवणार नाही.

*शनिवार :* सकाळी हजरत निजामुद्दीन स्टेशनवरून गतिमान एक्स्प्रेस. साधारण १०० मिनिटांत आग्रा, संध्याकाळी तिनेच परत. (ही गाडीही शुक्रवारी नसते!) ताजजवळ पेट्रोल-डिझेलच्या गाड्यांना बंदी आहे, पण बॅटरीवरच्या गाड्या मिळतात. गुडघेदुखीवाल्यांची सोय.

*रविवार :* सकाळी लाल किल्ला. शाहजहानने १६४८ मध्ये पूर्ण केलेला, २००७ पासून जागतिक वारसा यादीत. मग सायकलरिक्षाने चांदनी चौक. रविवारी तिथली बरीच दुकानं बंद असतात, लग्नाच्या खरेदीवाल्यांनी वार बदलावा. आम्हाला उलट बरं, गर्दी कमी. पराठेवाली गल्ली, गरमागरम जिलेबी. चांदनी चौक ते नवी दिल्ली स्टेशन मेट्रोने फक्त दोन स्टेशनं. गाडी चुकायची भीती नाही!

काय कापलं?

कुतुबमिनार, अक्षरधाम, राष्ट्रपती भवन. तिन्ही कापताना जीव गेला. कुतुब शहराच्या दक्षिण टोकाला. अक्षरधामला अर्धा दिवस हवा. राष्ट्रपती भवनाचं बुकिंग आधी ऑनलाइन करावं लागतं, त्या वेळा आमच्या गणितात बसेनात. आग्रा काढलं असतं, तर शनिवारी तिन्ही नाही तरी दोन नक्की झाली असती. पण मग आईचा ताज गेला असता. छोटी ट्रिप आखणं म्हणजे वजाबाकी, आणि काय उणं करायचं हे ठिकाणांच्या लोकप्रियतेवर नाही, सोबतच्या माणसांवर ठरतं. तुमच्यासोबत कॉलेजचा ग्रुप असेल, तर तुमची वजाबाकी वेगळी येईल.

तेव्हा हॉटेल्सचे रेट्स बघण्याआधी घरच्यांना एवढंच विचारा, ‘‘तुला एकच जागा बघायची असेल, तर कुठली?’’ उत्तर कदाचित तुमच्या यादीत नसेलही.

जाण्याआधी...

• रेल्वेचं आरक्षण आता ६० दिवस आधी खुलतं (नोव्हेंबर २०२४ पर्यंत १२० दिवस होतं). ज्येष्ठांसाठी लोअर बर्थ मागायला विसरू नका.

• ताज आणि लाल किल्ल्याची तिकिटं ऑनलाइन काढा, रांग वाचते. ताजच्या मुख्य कबरीपर्यंत जायचं, तर २०० रुपयांचं वेगळं तिकीट आहे.

• एअरपोर्ट ते नवी दिल्ली स्टेशन मेट्रोने साधारण वीस मिनिटं.

• मेट्रोतला पहिला डबा महिलांसाठी. बाबा-दादा मंडळींना दुसऱ्या डब्यात चढवा, म्हणजे दंड भरायला नको!

• फेब्रुवारीतही सकाळ-संध्याकाळ थंडी असते. आईची शाल बॅगेत वर ठेवा.