माँट्रियलचे फोरम: सहा संघांच्या काळाचे घर

माँट्रियल हे नाव मराठी क्रीडारसिकाला हॉकीच्या संदर्भात आठवते ते बहुधा १९७६ च्या ऑलिम्पिकमुळे. तेथे हॉकीचे सामने प्रथमच कृत्रिम हिरवळीवर झाले आणि १९२८ पासून प्रत्येक वेळी पदक घेऊन परतणारा भारतीय संघ सातव्या क्रमांकावर घसरला. त्या शहरातील माणसाच्या लेखी मात्र ही ‘मैदानी हॉकी’ होय. कोणतेही विशेषण न लावता नुसते ‘हॉकी’ म्हटले की त्याला बर्फ दिसतो, आणि वयाची सत्तरी त्याने ओलांडली असेल तर त्या बर्फाभोवती उभी असलेली सेंट कॅथरिन रस्ता व ॲटवॉटर मार्ग यांच्या कोपऱ्यावरील एक इमारतही दिसते. कॅनेडियन्स या संघाचे घर म्हणून ओळखले गेलेले हे फोरम २९ नोव्हेंबर १९२४ रोजी खुले झाले आणि ११ मार्च १९९६ रोजी तेथे शेवटचा सामना झाला. जुन्या व्यावसायिक आइस हॉकीविषयी उत्तर अमेरिकेत जो हळवेपणा आढळतो, त्याचे मूळ शोधू जाता याच इमारतीशी येऊन थांबावे लागते.

साधारण २०० फूट लांब व ८५ फूट रुंद अशा, फळ्यांच्या कुंपणाने वेढलेल्या बर्फावर प्रत्येक संघाचे गोलरक्षकासह सहा खेळाडू स्केट्स घालून वावरतात आणि ‘पक’ नावाची कडक रबरी चकती प्रतिस्पर्ध्याच्या जाळ्यात धाडण्याचा प्रयत्न करतात. ही चकती ३ इंच व्यासाची व १ इंच जाडीची असते, आणि बर्फावर तिने उड्या मारू नयेत म्हणून सामन्यापूर्वी ती गोठवून ठेवली जाते. वीस मिनिटांच्या तीन सत्रांत हा खेळ चालतो, तो न थांबवता खेळाडू बदलता येतात, आणि चकती कुंपणाच्या आतच परत फिरत असल्याने मैदानी हॉकीतला चेंडू बाहेर गेल्यावरचा विसावा येथे क्वचितच मिळतो.

नॅशनल हॉकी लीग ही व्यावसायिक संघटना १९१७ मध्ये माँट्रियल येथेच स्थापन झाली. परंतु जुने चाहते ज्याला खरा काळ मानतात तो १९४२ ते १९६७ या पंचवीस हंगामांचा, जेव्हा माँट्रियल, टोरंटो, बोस्टन, न्यूयॉर्क, डेट्रॉइट आणि शिकागो असे केवळ सहा संघ उरले होते. १९४९ पासून हंगाम सत्तर सामन्यांचा झाल्यामुळे प्रत्येक संघ उरलेल्या पाचांपैकी प्रत्येकाशी चौदा वेळा भिडत असे. शनिवारी एका शहरात एकमेकांना कुंपणावर आदळणारे दोन संघ कित्येकदा त्याच रात्री एकाच आगगाडीच्या वेगवेगळ्या डब्यांतून दुसऱ्या शहराकडे निघत आणि रविवारी तेथे पुन्हा समोरासमोर येत. अशा व्यवस्थेत वैर शिळे होण्यास सवडच मिळत नसे. साऱ्या लीगमध्ये मिळून सव्वाशेच्या आसपास खेळाडू, बहुतेक सर्व उघड्या डोक्याने खेळणारे. त्यामुळे वरच्या रांगेतील प्रेक्षकही पाठीवरचा क्रमांक न वाचता केवळ केसांवरून आणि चालीवरून माणूस ओळखत असे. आजच्या चाहत्याला खेळाची आकडेवारी अधिक ठाऊक असेल, पण हा परिचय त्याच्या वाट्याला येणे कठीण आहे.

चेहऱ्यांच्या या ओळखीला एक क्रूर बाजूही होती, ती म्हणजे गोलरक्षकाचा उघडा चेहरा. डेट्रॉइट व शिकागो या संघांकडून खेळलेल्या ग्लेन हॉल यांनी मुखवट्याशिवाय सलग ५०२ सामने पूर्ण केले, आणि हा विक्रम आजही कौतुकाने सांगितला जातो. माँट्रियलचे जाक प्लांट सरावात मुखवटा वापरत, परंतु सामन्यात तो घालण्यास प्रशिक्षक टो ब्लेक यांचा विरोध होता, कारण त्यांच्या मते मुखवटा म्हणजे भित्रेपणाची कबुली. १ नोव्हेंबर १९५९ रोजी न्यूयॉर्क येथे अँडी बाथगेट यांचा फटका प्लांट यांच्या चेहऱ्यावर बसला, टाके घालावे लागले, आणि मुखवट्याशिवाय आपण बर्फावर उतरणार नाही असे त्यांनी बजावले. त्या काळी संघ राखीव गोलरक्षक घेऊन प्रवास करत नसत, तेव्हा ब्लेक यांना मान तुकवणे भाग पडले. डोळ्यांना व तोंडाला भोके ठेवलेला फायबरग्लासचा तो ओबडधोबड मुखवटा चढवून प्लांट परतले आणि माँट्रियलने सामना ३–१ असा जिंकला. त्याच हंगामात संघाने लीगच्या विजेत्याला मिळणारा स्टॅन्ली चषक सलग पाचव्यांदा पटकावल्यावर भित्रेपणाचा मुद्दा आपोआप मागे पडला.

फोरमच्या इतिहासातील सर्वांत प्रसिद्ध रात्र मात्र खेळाची नव्हे, दंगलीची आहे. १९४४–४५ च्या हंगामात पन्नास सामन्यांत पन्नास गोल करणारे कॅनेडियन्सचे मॉरिस रिशार हे फ्रेंच भाषकांचे दैवत होते, आणि शहरात संख्येने अधिक असूनही उद्योग व अधिकारपदे इंग्रजी भाषकांच्या हाती असल्याचे शल्य या समाजाला होते. आपल्याच शहरात आपली भाषा दुय्यम ठरण्याचे दुःख मराठी वाचकाला वेगळे समजावून सांगावे लागू नये. मार्च १९५५ मध्ये बोस्टन येथील हाणामारीत रिशार यांनी पंचाच्या सहायकावर हात उचलला, तेव्हा लीगचे अध्यक्ष क्लॅरेन्स कॅम्पबेल यांनी त्यांना उर्वरित हंगामासह चषकाच्या सामन्यांतूनही बाद केले आणि १७ मार्चला ते स्वतः फोरममध्ये येऊन बसले. अश्रुधुराचे नळकांडे फुटले, सामना डेट्रॉइटला बहाल झाला, बाहेर सेंट कॅथरिन रस्त्यावर दुकानांची मोडतोड झाली, आणि दुसऱ्या दिवशी रिशार यांनाच रेडिओवरून शांततेचे आवाहन करावे लागले. शिक्षा नियमाला धरून होती; तेथे जाऊन बसणे शहाणपणाचे नव्हते.

सहा संघांच्या काळाची जवळीक खरी होती, परंतु ती खेळाडूंना बांधून ठेवून साधलेली होती, हे हळव्या आठवणींतून सहसा गळते. करार केलेल्या खेळाडूवर संघाचा हक्क वर्षानुवर्षे चालत असे, संघ निवडण्याची मुभा त्याला नसे, आणि अनेकांना उन्हाळ्यात दुसरी नोकरी धरावी लागे. किमान तीन संघांवर एकाच नॉरिस कुटुंबाचे वजन होते. डेट्रॉइटचे टेड लिंडसे यांनी १९५७ मध्ये खेळाडूंची संघटना उभारण्याचा प्रयत्न केला, तेव्हा उत्तम हंगाम खेळूनही त्यांची रवानगी तळाच्या शिकागो संघात झाली आणि ती संघटना लवकरच मोडली. विली ओरी या पहिल्या कृष्णवर्णीय खेळाडूला लीगचे दार उघडले ते १८ जानेवारी १९५८ रोजी, बोस्टनच्या बाजूने, याच फोरममध्ये. तोवर लीगला चाळीस वर्षे होऊन गेली होती.

इमारतीबाबतही स्मृती थोडी फसवते. दृष्टीच्या आड येणारे खांब असलेले मूळ फोरम १९६८ च्या नूतनीकरणातच बदलले होते, त्यामुळे १९९६ मध्ये ज्याला निरोप दिला गेला ते काटेकोरपणे रिशार यांच्या काळातील सभागृह नव्हते. कपडे बदलण्याच्या खोलीत जॉन मॅक्रे यांच्या युद्धकवितेतील मशालीच्या ओळी रंगवलेल्या होत्या. त्या स्मरून निरोपाच्या रात्री जुन्या कर्णधारांनी एकाकडून दुसऱ्याकडे मशाल दिली, आणि म्हाताऱ्या रिशार यांचे नाव पुकारताच प्रेक्षक कित्येक मिनिटे टाळ्या वाजवत उभे राहिले. आज त्या कोपऱ्यावर चित्रपटगृहांचे संकुल आहे. आत काही जुनी आसने राखलेली आहेत आणि बर्फाच्या मध्यबिंदूची जागा फरशीवर खूण करून दाखवलेली आहे.