तीन पानांचा सोपा डाव, महागडा धडा

दिवाळीच्या रात्री फराळाच्या बश्या उचलल्या गेल्या की अनेक घरांत सतरंजी पसरली जाते आणि तीन पत्तीचा डाव रंगतो. मामांच्या खिशातले पैसे काकांच्या खिशात जातात. फार तर दुसऱ्या दिवशी त्यांचे आइस्क्रीम येते. घरचा पैसा घरातच राहतो. या खेळाचा परदेशी भाऊबंद मात्र इतका घरगुती नाही. त्याचे नाव ‘थ्री कार्ड पोकर’.

इंग्लंडमधील पोकरपटू डेरेक वेब यांनी 1994 मध्ये हा खेळ कॅसिनोसाठी तयार केला. त्याचा आधार होता ‘ब्रॅग’ हा जुना इंग्रजी खेळ. आपली तीन पत्तीही ब्रॅगपासूनच आली, असे मानले जाते. ब्रिटनसारख्या देशांत आता तो मोबाइलच्या पडद्यावरील टेबलांवरही खेळला जातो.

दहा मिनिटांत शिकता येणारा खेळ

खेळणारा प्रथम ‘अँटी’ नावाची पैज लावतो. त्याला तीन पाने मिळतात, डीलरलाही तीन. आपली पाने पाहून एकच गोष्ट ठरवायची: डाव सोडून अँटी गमवायची, की तेवढीच रक्कम पुन्हा लावून पुढे जायचे? डीलरकडे निदान राणी किंवा त्याहून मोठा हात नसेल, तर अँटीवर बरोबरीचे पैसे मिळतात आणि दुसरी पैज परत येते. असेल, तर ज्याचा हात मोठा तो जिंकतो.

तीन पत्ती जाणणारा येथे पहिल्यांदा अडखळतो. आपल्याकडे ट्रेल सर्वांत मोठी. येथे प्युअर सिक्वेन्स तिच्याही वर. हिशेब पाहिला तर हेच रास्त आहे. 52 पत्त्यांतून तीन पानांचे 22,100 हात होतात. त्यांत ट्रेल 52 आणि प्युअर सिक्वेन्स केवळ 48! दुसरा फरक अधिक मोठा आहे. येथे समोरच्याला हूल देता येत नाही. डीलर घाबरत नाही, चेहरा वाचत नाही. तो फक्त नियम पाळतो.

शहाणपणालाही मर्यादा

जाणकारांचा नियम सोपा आहे. राणी-सहा-चार किंवा त्याहून मोठा हात असेल तर पुढे जावे, नाहीतर डाव सोडावा. पण हा नियम चोख पाळला तरी दर 100 रुपयांच्या अँटीमागे सरासरी सुमारे 3 रुपये 37 पैसे कॅसिनोकडेच जातात. शिकल्याने तोटा कमी होतो, संपत नाही.

ही रक्कम किरकोळ वाटते. पण पडद्यावर पत्ते पिसण्यात वेळ जात नाही. समजा, कोणी तासाला 200 डाव खेळला, तर सरासरी 674 रुपये गेले!

‘पेअर प्लस’ या जोडपैजेत तर अधिकच डोळस राहावे लागते. कलर आल्यावर चौपट मिळत असेल, तर कॅसिनोचा फायदा 2.32 टक्के असतो. चौपटीऐवजी तिप्पट केली की तोच 7.28 टक्के होतो. तक्त्यातील एक आकडा बदलला की फायदा तिपटीहून वाढतो, आणि घाईत तो तक्ता वाचतो कोण?

खुद्द वेब यांनी पुढे ब्रिटनमधील सट्ट्याच्या दुकानांतील जुगारयंत्रांविरुद्ध मोहीम चालवली. त्या यंत्रांवर एका फेरीत 100 पौंडांपर्यंत लावता येत असे. 2019 मध्ये ही मर्यादा 2 पौंडांवर आली.

भारतात संसदेने 2025 मध्ये केलेल्या कायद्यात पैसे लावून खेळण्याचे ऑनलाइन खेळ चालवण्यास मनाई आहे, मग खेळ कौशल्याचा असो वा नशिबाचा. चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

तेव्हा घरातला तरुण मुलगा ‘मला आता डाव समजला आहे’ असे म्हणाला, तर त्याच्यावर रागावू नका. पत्ते काढा, वाटीभर चिंचोके घ्या आणि त्याच्यासमोर डीलर म्हणून बसा. शंभर-दोनशे डावांचा हिशेब वहीत मांडू द्या. एखाद्या संध्याकाळी तो जिंकेलही. पण अशा चार-सहा संध्याकाळी झाल्या की चिंचोके कोणाच्या वाटीत साठत चालले आहेत, ते त्याचे त्यालाच दिसू लागेल.