पुन्हा ‘झपाटलेला’: मुलांना भुताचा सिनेमा का हवा असतो?

युरोप-अमेरिकेतल्या मुलांना रक्तपिपासू भुतांचे विनोदी सिनेमे मिळाले. अँजेला सोमर-बोडेनबुर्ग या जर्मन लेखिकेच्या १९७९च्या पुस्तकातला छोटा व्हॅम्पायर तर २००० साली पडद्यावरही आला. आपल्याकडे ही जागा एका बाहुल्याने घेतली. महेश कोठारे यांचा ‘झपाटलेला’ १९९३ साली प्रदर्शित झाला आणि तात्या विंचू मराठी घरांत कायमचा शिरला. तेव्हा उशीत तोंड खुपसून हा सिनेमा पाहणारी नागपूरची पोट्टी आज आईबाप झाली आहेत, आणि आता त्यांची मुलं तोच सिनेमा मागतात. तो त्यांना दाखवावा का, कसा दाखवावा आणि त्यात एवढं काय आहे, हे नीट समजून घ्यायला हवं.

गोष्ट थोडक्यात

तात्या विंचू हा अट्टल गुन्हेगार. बाबा चमत्कार नावाच्या मांत्रिकाकडून तो मृत्युंजय मंत्र धाकाने मिळवतो. पोलिसांच्या गोळीने मरता मरता मंत्र म्हणून तो आपला आत्मा एका बाहुल्यात घालतो. अमेरिकेहून आलेला हा बाहुला श्रीरंगपूरच्या साध्याभोळ्या लक्ष्याच्या हाती पडतो. पुढे खून बाहुला करतो आणि संशय येतो लक्ष्यावर.

मूळ कल्पना १९८८च्या ‘चाइल्ड्स प्ले’ या अमेरिकी भयपटावरून आली, हे लपून राहिलेलं नाही. पण तो सिनेमा मोठ्यांसाठी होता. कोठारेंनी त्यातलं रक्त कमी केलं, गाव आणलं, आई आणली, हवालदार आणला आणि मधोमध लक्ष्या म्हणून लक्ष्मीकांत बेर्डे यांना उभं केलं. कोठारे स्वतः ‘छोटा जवान’ (१९६३) आणि ‘राजा और रंक’ (१९६८) यांतले बालकलाकार. ‘धडाकेबाज’मध्ये (१९९०) बाटलीतला गंगाराम आणि कवट्या महाकाळ यांची जोडी त्यांनी आधीच जमवून पाहिली होती. मुलांना कुठे दचकवायचं आणि कुठे सावरायचं, याचा हा सराव ‘झपाटलेला’त जागोजागी दिसतो.

बाहुला बोलतो कसा?

तात्याचा बाहुला शब्दभ्रमकार रामदास पाध्ये यांनी घडवला. वडील यशवंत पाध्ये यांच्याकडून आलेली ही विद्या ‘अर्धवटराव’ या बाहुल्यामुळे महाराष्ट्राला आधीपासून माहीत होती. शब्दभ्रमात कलाकार ओठ जवळजवळ न हलवता बोलतो. प, फ, ब, भ, म ही ओठांची अक्षरं त्यात सर्वांत अवघड, म्हणून जिभेच्या मदतीने त्यांच्या जवळचा आवाज काढावा लागतो. बाकीचं काम आपले डोळे करतात. ज्याचं तोंड हलताना दिसतं, आवाज त्याचाच आहे असं मेंदू मानतो.

सिनेमात तात्याला आवाज दिला दिलीप प्रभावळकर यांनी, आणि माणूस असलेला तात्याही त्यांनीच रंगवला. दूरदर्शनवरचा चिमणराव आणि रत्नाकर मतकरी यांच्या ‘अलबत्या गलबत्या’तली चेटकीण करणारा हा नट. मुलांना एकाच वेळी हसवणारा आणि दरडावणारा आवाज त्यांच्या गळ्यात तयारच होता. हीच कामगिरी पुन्हा पाहताना सर्वांत ताजी वाटते.

ही भीती मुलांना झेपते कशी?

याची तीन कारणं सिनेमातच सापडतात.

पहिलं म्हणजे खलनायकाची उंची. तात्या मुलाच्या कमरेएवढा आहे. त्याला लपावं लागतं, पळावं लागतं. मोठ्या माणसाच्या हाती लागला तर तो उचलला जाऊ शकतो.

दुसरं, भीतीला नियम आहेत. ज्याला आपली खरी ओळख सर्वांत आधी सांगितली, त्याच्याच शरीरात तात्याला शिरता येतं. दोन भुवयांच्या मधोमध गोळी लागली तरच तो संपतो. नियम कळला की मूल पडद्यासमोर बसून स्वतःच उपाय शोधू लागतं. अंधारात काय आहे हे ठाऊक नसतं तेव्हाची भीती वेगळी. इथे शत्रूची पूर्ण माहिती हातात असते.

तिसरं कारण मला सर्वांत मोलाचं वाटतं. लक्ष्या खरं सांगतो आणि मोठी माणसं त्याच्यावर विश्वास ठेवत नाहीत. हा अनुभव प्रत्येक मुलाच्या ओळखीचा असतो. बेर्डे यांचा गोंधळलेला, घामाघूम झालेला चेहरा पाहताना मुलं हसतात, पण मनाने त्याच्याच बाजूला असतात. लहानपणी आपण बाहुल्याला घाबरलो हे आठवतं. मोठेपणी पाहताना कळतं की आपला जीव लक्ष्यासाठी तुटत होता.

नागपूरला हे नवं नाही

भीतीला बाहुलीचं रूप देऊन तिची मिरवणूक काढायची, हे नागपूर पिढ्यान् पिढ्या करत आलं आहे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबत निघते. काळी मारबत १८८१पासून आणि पिवळी १८८५पासून निघते, असं परंपरा सांगते. काळ्या मारबतीचा संबंध भोसले घराण्यातल्या बाकाबाईंशी जोडला जातो, तर रोगराई घालवण्यासाठी पिवळी मारबत काढतात. सोबत बडगे नावाचे पुतळे असतात, त्यांच्यावर महागाई-भ्रष्टाचारापासून गल्लीतल्या प्रश्नांपर्यंत टोमणे लिहिलेले असतात. इडा-पिडा घेऊन जा, असं ओरडत लोक त्यांना वाजतगाजत नेतात आणि शेवटी जाळतात.

त्याच दिवशी तान्हा पोळा असतो. लाकडी बैल घेऊन बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, मागत फिरणारी लेकरं वडिलांच्या खांद्यावर बसून मारबतीचं अक्राळविक्राळ तोंड पाहतात. ती आधी दचकतात, मग गर्दीबरोबर ओरडू लागतात. ‘झपाटलेला’ मुलांकडून हेच करून घेतो. चारचौघांत पाहिलेली भीती आटोक्यात येते.

आज काय खटकतं?

तीस वर्षांत काही गोष्टी शिळ्या झाल्या आहेत. मारहाणीवरचे विनोद आता हसवत नाहीत. ज्याचं कोणी ऐकत नाही त्याला वेडा ठरवून मोकळं होणं हेही आज मुलांसमोर तसंच सोडून देता येणार नाही.

मंत्रतंत्राचा भाग मात्र सावधपणे हाताळायला हवा. जादूटोणाविरोधी कायदा डिसेंबर २०१३मध्ये विधिमंडळाने मंजूर केला तो नागपूरच्याच हिवाळी अधिवेशनात. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये या कायद्यासाठी लढणाऱ्या डॉ. नरेंद्र दाभोलकर यांचा खून झाला होता. भोंदूगिरीने खरी माणसं नाडली जातात, जीवही जातात. पडद्यावरचा मंत्र ही गंमत आहे आणि तसा दावा करणारा बाबा प्रत्यक्षात भेटला तर तो गुन्हेगार आहे, हे मुलाला स्पष्ट शब्दांत सांगायला हवं.

मुलांना कसा दाखवावा?

आठेक वर्षांखालच्या मुलांना घाई करू नये. दिवसाउजेडी दाखवावा आणि मोठ्यांनी शेवटपर्यंत सोबत बसावं. मूल थांबवायला सांगेल तर थांबवावं, त्याची थट्टा करू नये. मध्येच शब्दभ्रमाचं रहस्य उलगडून सांगावं. एखादा हातमोजा घेऊन ओठ न हलवता ‘पाणी’ म्हणायचा खेळ लावला, तर तात्या त्या घरात फार वेळ भीतीदायक राहत नाही.

२०१३ साली आलेला ‘झपाटलेला २’ थ्रीडी होता. तंत्र पुढे गेलं, पण १९९३ची मजा त्यात नाही, कारण लक्ष्या नाही. लक्ष्मीकांत बेर्डे १६ डिसेंबर २००४ रोजी गेले. नव्या पिढीशी त्यांची ओळख करून द्यायची असेल, तर सुरुवात पहिल्या ‘झपाटलेला’पासूनच करा. आणि सिनेमा संपल्यावर मुलाने स्वतःची एखादी भीती बोलून दाखवली, तर ती लक्ष्याच्या गावकऱ्यांसारखी उडवून न लावता पूर्ण ऐकून घ्या.