संग्रहातल्या रिकाम्या जागा

समजा, सावामुरा पुरस्कार मिळालेल्या जपानी पिचर्सची बेसबॉल कार्डं तुम्ही जमवताय. १९४७ पासूनची यादी आहे, म्हणजे डेटासेट आयताच मिळाला, असं वाटतं ना? थांबा. १९५० मध्ये दोन लीग झाल्या आणि १९८८ पर्यंत हा पुरस्कार फक्त सेंट्रल लीगपुरता होता. १९६१ मध्ये पॅसिफिक लीगच्या काझुहिसा इनाओनं तब्बल ४२ विजय मिळवले, तरी तो या यादीत नाही! हिदेओ नोमोला १९९० मध्ये मिळाला, कारण तोवर नियम बदलला होता. २०१९ मध्ये तर कुणालाच दिला नाही. म्हणून रिकामी जागा दिसली की आधी विचारा: कार्ड सापडलं नाही, पुरस्कारच दिला नाही, की खेळाडू पात्रच नव्हता? एक्सेलमध्ये तिन्ही चौकटी सारख्याच कोऱ्या दिसतात. तिन्हींना वेगळे कोड द्या. चौथाही लागेल: स्नॅकसोबतची कॅल्बीची कार्डं मुळात १९७३ पासूनची आहेत.